डायरेक्ट फ्रान्सची बाटली

माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि पेन हातात धरलं की अक्षर भ्यायल्यासारखं वाकडं पळतं. चौथीनंतर शाळा सुटली. ही पानं चुकून कुणाच्या हाती लागली तर रागावू नये, समजेल तेवढं वाचावं.

सुरतेला आलो तेव्हा आमचे हे कापडाच्या लूमवर लागले आणि मी नानपुऱ्यात एका पारशी म्हाताऱ्या जोडप्याकडे स्वयंपाकाला लागले. त्यांना मी माईजी आणि बावाजी म्हणायची. मी कुणाशी फारशी बोलत नसे. माईजी हसून म्हणायच्या, "हिच्या तोंडातून शब्द काढायचा तर सांडशी पाहिजे."

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. लग्नाच्या दिवशी फ्रान्सची लाल वाइन आणली होती. पुन्हा तशीच घ्यायची, असं माईजींनी मनात धरलं. गुजरातेत दारूबंदी, पण तब्येतीच्या कारणाने त्यांच्या नावावर सरकारी परवाना होता. पैसे मात्र तेवढेच होते, बावाजींच्या नव्या चष्म्यासाठी ठेवलेले. जुन्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

"चष्म्याशिवाय मी त्याला तरुण दिसते," असं म्हणून माईजींनी ते पैसे पर्समध्ये घातले आणि सोबतीला मला घेतलं.

परवान्याचं दुकान एका हॉटेलच्या मागल्या अंगाला होतं. कोसाडच्या आमच्या चाळीतलं कुणी बघेल म्हणून मी पदर पुढे ओढून दारातच थांबले. दुकानदार माईजींना सांगत होता, "बाकीचे मुंबईच्या दलालाकडून घेतात. आपला माल डायरेक्ट. बोटीतून उतरला की थेट इथे."

खालच्या कपाटात काही बाटल्या आडव्या होत्या. त्याही डायरेक्टच, पण अर्ध्या भावाच्या. माईजींनी विचारलं तर तो म्हणाला, "पन्नास वर्षांच्या संसाराला अर्धा भाव शोभतो का, माईजी?"

मग तो स्टुलावर चढला. वर लक्ष्मीची तसबीर होती, समोर दिवा जळत होता. दिव्याच्या दोन बाजूंना दोन बाटल्या. दुकानातला सगळ्यात महाग माल तो तिथेच ठेवायचा. एक बाटली कपाळाला लावून त्याने खाली दिली. "हीच आमची लक्ष्मी."

रिक्षात ती माझ्या मांडीवर होती. हाताला चांगली कोमट लागली. दारूने अंगात ऊब येते म्हणतात, म्हणजे बाटलीही अशीच असणार, असं मला वाटलं.

संध्याकाळी बाटली उघडताना बुचाचा भुगा झाला. बावाजींनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"अरे, आ तो सिरको! व्हिनेगर झालंय हे!"

माईजींनी चाखलं. त्यांचे डोळे भरून आले. चष्मा गेला आणि वाइनही गेली. बावाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पन्नास वर्षांत आपणही थोडे आंबट झालोच की गं!" माईजींना रडता रडता हसू फुटलं. मग ते मला म्हणाले, "दीकरी, ओत कचुंबरात."

जेवणातल्या कांद्याच्या कचुंबरात मी अर्धी बाटली ओतली. बावाजींनी ताट चाटूनपुसून साफ केलं. "एवढा महाग कांदा सुरतेत कुणी खाल्ला नसेल," म्हणाले.

सकाळी माईजी आणि मी उरलेली बाटली घेऊन दुकानात गेलो.

"बाकीची कुठे गेली?" दुकानदाराने विचारलं.

"कचुंबरात," माईजी म्हणाल्या.

"मग झालं तर! खाल्लीत ना? आता कसले पैसे? परदेशी चव अशीच असते, माईजी. तुम्हाला सवय नाही."

"सवय नाही? तुझा बाप चड्डीत होता तेव्हापासून पिते मी!"

पण एवढं बोलून त्या परत जायला वळल्या. मला ते बघवेना. पदराचं टोक मुठीत धरून मी म्हणाले, "भाऊ, वरची दुसरी बाटली हातात घेऊन बघा. आमची पण अशीच गरम होती."

तो हसत हसतच स्टुलावर चढला. बाटली धरली आणि लगेच दुसऱ्या हातात घेतली. खाली उतरून त्याने आमच्या बाटलीचा वास घेतला आणि नाक मुरडलं. मग त्याची नजर दिव्यावर गेली.

"बापरे! लक्ष्मी मीच शिजवली की!"

"देवीला फुलं वाहा," माईजी म्हणाल्या. "वाइनला अंधारात झोपू दे."

गल्ल्यात अर्धेच पैसे निघाले. बाकीचे शनिवारी देतो म्हणाला. कपाटातली अर्ध्या भावाची एक बाटली त्याने परवान्यावर चढवून आपल्या खर्चाने दिली. ती हाताला गार होती. त्या संध्याकाळी बावाजी एक पेला घेऊन म्हणाले, "हीच! अगदी हीच चव!" माईजी म्हणाल्या, "खोटारडा. लग्नात तू लाजून प्यायलाच नव्हतास." मग दोघं दिवाणखान्यात हात धरून नाचले, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून टाळ्या वाजवल्या.

शनिवारी दुकानदार स्वतः जिना चढून आला. माईजींनी नोटा दोनदा मोजल्या, मग माझ्या हातात देऊन मलाही मोजायला लावल्या. चष्म्याचे पैसे पुरे होते.