पायऱ्यांवरचा दुसरा फोटो

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या स्नेहमेळाव्याचा फोटो मी तुम्हा दोघांना पाठवला. "छान आलाय आजी, पण तू एकटीच का हसत नाहीस?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर मला सांगता आलं नाही. लिहून सांगते, म्हणजे क्रमाने सांगता येईल.

आमचा वर्ग बी.ए.चा, विषय इंग्रजी. मी वर्गप्रतिनिधी होते. अक्षर चांगलं म्हणून सूचना, याद्या, पत्रं सगळं माझ्याकडे. माझ्या बाकावर शेजारी तीर्थपुरीकडची एक मुलगी बसायची. घर बौद्ध, आईवडील दोघंही दुसऱ्यांच्या शेतात कामाला. ती इंग्रजी वाचायला उभी राहिली की सर पुस्तक मिटून ऐकायचे.

एकदा ती जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी आली. माझ्या आईने तिला चहा दिला, तो शेतावरच्या गड्यांसाठी मागच्या दाराच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. तिने चहा घेतला, कप विसळला आणि कुणालाही न विचारता बरोबर त्याच कोनाड्यात नेऊन ठेवला. मी नुसती पाहत होते.

शेवटच्या वर्षी परीक्षेआधीच्या सुट्टीत वर्गाचा फोटो ठरला. शनिवारी कॉलेजच्या पायऱ्यांवर फोटो, मग सगळा वर्ग आमच्याकडे जेवायला. आई म्हणाली, "तिचं पान ओसरीवर वाढू. पंगतीत नको." आईला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि मैत्रिणीला सांगायला तोंड नव्हतं. तेवढ्यात फोटोग्राफरला शनिवारी लग्नाचं काम आलं, फोटो आणि जेवण दोन्ही शुक्रवारी ठरलं. सर मला म्हणाले, "खेड्यावरच्या दोघांना पत्राने कळव." मी दोन्ही कार्डं लिहिली. पेटीत एकच टाकलं. दुसरं, तिच्या नावाचं, माझ्या डिक्शनरीत राहिलं. तिचा अपमान टळला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर टळली होती माझी पंचाईत.

परीक्षेला ती भेटली तेव्हा मीच आधी विचारलं, "पत्र मिळालं नाही का गं?"

"न्हाई," ती म्हणाली.

"पोस्टाचा काही भरवसा नाही," मी म्हणाले.

पुढे माझं लग्न झालं, गाव सुटलं. ती शाळेत शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. पन्नास वर्षांनी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि त्यात ती दिसली. शनिवार-रविवारचा मेळावा ठरला. जुना फोटो त्याच पायऱ्यांवर, त्याच जागी बसून पुन्हा काढायचा, असंही ठरलं. कोण कुठे बसणार त्याची यादी अर्थातच मी केली. जुना फोटो समोर ठेवून केली. त्यात तिचं नाव येणारच नव्हतं, आणि हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

शनिवारी दुपारचं जेवण आम्ही शेजारी बसून केलं. तिने माझ्या ताटातली मिरची उचलून खाल्ली. हात धुताना मी ठरवलेलं बोलून टाकलं. "ते पत्र पोस्टात हरवलं नव्हतं. मी टाकलंच नव्हतं."

ती पदराला हात पुसत राहिली. "म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. शनिवारी आल्ते ना मी. आण्णा बी आल्ते संगं. धुतलेला पायजमा घालून. पोरीचा फोटो निघतो कसा ते बघायचं होतं त्यांना. शिपाई म्हणला, फोटो काल झाला, सगळे तुझ्या घरी जेवून बी गेले. मला तवाच तो कोनाड्यातला कप आठवला."

"आण्णा काय म्हणाले?"

"म्हणले, जाऊ दे, पायऱ्या तर बघितल्या. मंग थोडा वेळ बसले पायरीवर आन् आम्ही गाडी धरली."

तिचे आण्णा जाऊन तीस वर्षं झाली, हे तिनेच सकाळी सांगितलं होतं.

बाहेरून हाका सुरू झाल्या. आमच्यातला एक निवृत्त बँक मॅनेजर, वर्गात होता तसाच मोठ्या आवाजाचा, पायऱ्यांवरून ओरडत होता, "चला, चला! केस सोडून बाकी सगळं जुन्या जागी आणा! मागच्या रांगेतले चौघं आधीच वर गेलेत, त्यांच्या जागा मोकळ्या ठेवा!" सगळे हसत हसत बसले. माझी यादी वाचली गेली. ती संपली तेव्हा एकटी तीच खाली उभी होती.

मी पहिल्या रांगेतून उठले. "तू इथे बस. माझ्या जागी."

"अगं, ऊन चाललंय!" मागून कुणीतरी म्हणालं. "बस की खाली!"

"बस बाई," तीही म्हणाली. "मी कुठं होते त्या फोटोत? काढते मी." तिने पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला, दोन पावलं मागे गेली आणि शाळेतल्या मुलांना सांगावं तशी म्हणाली, "हं, हसा सगळे."

मी बसले. पुन्हा एकदा मी बसले. खाली उतरून तिच्या शेजारी उभं राहता आलं असतं, हे मला घरी आल्यावर सुचलं.

रविवारी ती येणार होती. मी सकाळी नऊलाच त्या पायऱ्यांवर जाऊन बसले. बाकीचे आत गाणी म्हणत होते. साडेअकराला ग्रुपवर तो फोटो आला, खाली सगळ्यांना मिळून तिचा एक निरोप: घरी पाहुणे आलेत, आज जमत नाही, सगळे फार छान दिसता.

मला वेगळं काही लिहिलेलं नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा फोन उघडून पाहिला.