डाव्या हातातली तलवार

काल मावशीकडे टीव्हीवर सिनेमा पाहत होते. त्यात जुन्या काळचा, जत्रेतल्या तंबूतला सिनेमा दाखवला होता. मधोमध पांढरा पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. चित्र मागूनही दिसावं म्हणून एक माणूस पडद्यावर पाणी शिंपडत होता.

मावशी सरसावून बसली. "आम्ही पडद्यामागेच बसायचो," ती म्हणाली. "आमचा तलवारबाज डावखुरा होता. यांना मात्र ते कधी पटलं नाही."

लग्नाआधी तिने आणि काकांनी आपापल्या गावच्या जत्रेत एकच तलवारबाजीचा सिनेमा पाहिला होता. त्यातली तलवार कोणत्या हातात होती यावरून दोघं अजून भांडतात.

एवढ्यात कॅमेरा पुरुषांमधून निघून पडद्याला वळसा घालत बायकांकडे गेला, आणि तंबूतल्या पडद्यावरच्या राजाची तलवार उजव्या हातातून डाव्या हातात आली. मावशी बघतच राहिली.

मला वाटलं, घरोघरची कितीतरी भांडणं अशीच असणार. दोघंही खरंच सांगत असतात. मधे एक ओला पडदा असतो, आणि त्याला वळसा घालून पलीकडे जायचं कुणाला सुचत नाही.

मी ते दृश्य मागे नेऊन थांबवलं. मावशीने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

काका चष्मा पुसत आले. "काय झालं?"

"तुमचं बरोबर होतं," मावशी म्हणाली आणि सोफ्यावर सरकून तिने जागा केली. "आता माझ्या बाजूने बघा."