सारवणावरचे पंजे

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. नवरा वनखात्यात गार्ड, आमचं क्वार्टर कटंगी गावाच्या पुढे जंगलाला लागून. तिथली म्हातारी माणसं सांगायची, मागचा नाला पूर्वी वैशाखापर्यंत वाहायचा. आम्ही गेलो तेव्हा तो होळीलाच कोरडा पडायला लागला होता. दरवर्षी ऊन जास्तच पेटायचं, अन् माझं डोकंही.

चितळं दिवसाढवळ्या मोडक्या कुंपणाशी येऊन उभी राहायची, पोटं आत गेलेली. मला बघवेना. अंगणात गुरांचं सिमेंटचं टाकं होतं, ते मी रोज काठोकाठ भरू लागले. सहा वर्षांची पोरगी मोजायची, "आई, आज सात आले!" मला वाटायचं, केवढं पुण्य करून राह्यली मी!

उन्हाळ्यात आम्ही अंगणातच खाटा टाकून झोपायचो. म्हणून रोज संध्याकाळी मी शेणानं अंगण सारवायची. एका सकाळी बघते तर ओलसर सारवणावर पंजे. मोठे, गोल. टाक्यापर्यंत आलेले, अन् परत जाताना पोरीच्या खाटेला वळसा घालून गेलेले.

"अगं मायबाई!" मी नवऱ्याला हाक मारली.

नवऱ्यानं वाकून पाहिलं. "बिबट आहे. जंगलात पाणी नाही, चितळं इकडं आली, त्यांच्यामागं तो आला. कोणं बोलावलं त्याले? तूच."

"अन् तुमचं खातं काय झोपा काढते? जंगलात पाणी ठेवाले काय होते?" मी खेकसले. तो खरं बोलत होता, त्याचाच राग आला होता.

त्याच दिवशी टाकं रिकामं केलं, खाटा घरात घेतल्या. दुपारी चितळं आली अन् कोरडं टाकं चाटत राहिली. मी काठी घेऊन हाकलली. एक पाडस काही केल्या हलेना, दगड मारला तेव्हा गेलं. घरात येऊन रडले. मग दर घडीला खिडकीशी. कुठंच जीव लागेना.

चौथ्या दिवशी दुपारी पोरगी घरात दिसेना. मागं धावले. कुंपणापाशी ती एकटी उकिडवी बसलेली, समोर तिची जेवायची थाळी पाण्यानं भरलेली, अन् पलीकडं ते पाडस. मागची झुडपं हलल्यासारखी वाटली. तिचा दंड धरून मी तिला फरफटत आत आणलं अन् फाडकन मारली. तोवर तिच्यावर कधी हात उचलला नव्हता.

ती रडली नाही. म्हणाली, "तू देत होती तं चालत होतं. मी दिलं तं मारते काहून?"

मी दाराला कडी घातली. थाळी बाहेरच राहिली होती. ती ओतून यायची माझी छाती झाली नाही.