कुशीवर वळवण्याची परीक्षा

दिग्रसहून यवतमाळला येताना ती एसटीत माझ्या शेजारी बसली होती. तिशीच्या आतबाहेरची, पायाशी मोठी बॅग. दारव्ह्याला एका आजोबांना सीटवरून उठता येईना. कंडक्टर दंड धरून ओढू लागला, तशी ती पुढे झाली.

"ओढू नका भाऊ."

तिने आजोबांचे पाय मागे सरकवले, त्यांना पुढे वाकवलं, पाठीला हात लावला, आणि ते सहज उभे राहिले.

"नर्स आहात का?" मी विचारलं.

"नाही. जपानसंग आपल्या सरकारचा करार झालता, तिकडे जाऊन म्हाताऱ्यांची सेवा शिकाचा. त्याच्यातून गेलती."

गावी ती वडिलांच्या तेरवीला आली होती. लकव्याने ते सात महिने अंथरुणावर होते. ती रोज व्हिडिओ कॉलवर, आपल्या खोलीतली उशी घेऊन, आईला कूस कशी बदलायची ते दाखवायची. आईला ते झेपलं नाही. वडिलांच्या पाठीला जखमा झाल्या.

"सुटी नाही मिळाली?"

"परीक्षा होती. बुडवली असती तर कायमचं घरी पाठवलं असतं. बाबाच म्हणत, पास हो, मंग ये." ती खिडकीबाहेर पाहू लागली. "प्रॅक्टिकलले पूर्ण मार्क भेटले मले. म्हाताऱ्या माणसाले कुशीवर वळवाचं होतं."



यवतमाळला उतरल्यावर तिने नागपूरची गाडी कुठे लागते ते विचारलं.

"तिकडे जपानात एक आजोबा माह्याच हातानं जेवतात. मी आल्यापासून नीट जेवले नाहीत म्हणे."

एवढं बोलून ती भराभर निघाली. वडिलांकडे तिला अशा घाईने जाता आलं नव्हतं.