हादग्याचं केसर

“लेकुरवाळीला हात लावायचा नाय!”

ही आरोळी आमच्या गल्लीत पहाटे उठली की दूधवाल्याची मोटरसायकल आपोआप बंद पडायची, कुत्री शेपट्या घालून नालीत शिरायची, आणि तिकडं दौलताबादच्या किल्ल्यावर झोपलेला पहारेकरी दचकून टोपी सारखी करायचा, असं म्हणतात. म्हणणारा मी एकटाच आहे, पण म्हणतो हे खरं.

आरोळी सरांची. सर म्हणजे शाळेत पीटी शिकवणारे. नोकरी सुटली तरी आवाज मैदानावरचाच राहिला. गारखेड्यात माझ्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. आणि लेकुरवाळी म्हणजे भोपळ्याचं मादी फूल. भोपळ्याच्या वेलाला नर फुलं वेगळी, मादी वेगळी. मादीच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा आधीच येऊन बसलेला असतो. सर नर फुलं तोडून त्यांची भजी करायचे आणि लेकुरवाळ्या पोटच्या पोरीसारख्या जपायचे.

आता एक जमात तुमच्याही गल्लीत असणार. कानटोपी, हातात प्लास्टिकची पिशवी, ओठांवर स्तोत्र आणि डोळे दुसऱ्याच्या कंपाउंडात. ही माणसं वाटेत सापडलेला रुपया चौकीत नेऊन देतील, पण फूल सोडणार नाहीत. देवासाठी केली ती चोरी नव्हे, असा त्यांचा कायदा. आमच्याकडं या जमातीच्या पुढारी समोरच्या बंगल्यातल्या वहिनी. त्यांच्या देवघरात इतके देव होते की मागच्या रांगेतल्या देवांना पुढच्यांची पाठच दिसायची.

“वहिनी, न्यायचंच तर ते नर न्या. ते बघा, लांब दांड्याचे, रिकामटेकडे. ह्या पोटुशा हायेत.”

“सर! सकाळच्या पारी काय बोलता हे! देवाला चाललीत फुलं.”

“देवाला लेकरू उपटून देता व्हय?”

“आणि तुम्ही तळून खाता, त्याचं काय? फूल खाणं पाप आहे, पाप.”

“असू द्या. तेबी बेसनात घोळून खाईन.”

खरोखरच खायचे. त्या घरात फूल बघायला कुणी लावलंच नव्हतं. जुन्या रंगाच्या डब्यांत, फुटक्या टाकीत, पत्र्याच्या शेडवर, जिथं मूठभर माती बसेल तिथं काहीतरी फुलत असायचं आणि संध्याकाळी ते कढईत दिसायचं. गावठी गुलाबाचा गुलकंद गच्चीवर उन्हं खात बसलेला. शेवग्याच्या फुलांची अंडं घालून भुर्जी. एकदा गोकर्णीच्या फुलांचा निळाजर्द भात त्यांनी भिंतीवरून मला दिला. त्या दिवशी माझे सासरे आलेले. ताट बघून ते माझ्या कानाशी लागले, “जावईबापू, शाई सांडली असंल तर सांगा, मी कुणाला बोलणार नाय.”

बरं, पाणी? आमच्या शहरात नळाचा दिवस हा सणच आहे. त्या दिवशी लोक लग्नाची तारीखसुद्धा धरत नाहीत. सर तांदूळ धुतलेलं पाणी गुलाबाला, भांडी विसळलेलं हादग्याला द्यायचे. मी तर त्यांना आंघोळ परातीत उभं राहून करताना पाहिलंय. (पाहिलेलं नाही, पण करत असणार.)

इतका वेळ मी हसवतोय, कारण पुढचं सांगायला मला जड जातंय.

सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. माहेर कन्नडकडचं, जीभ मिरचीच्या ठेच्यासारखी. त्यांच्या पोटाचं मोठं आजारपण निघालं आणि औषधांनी त्यांची चव पार गेली. पोळी लाकूड लागायची, वरण माती. वजनाचा काटा रोज खाली उतरत होता. डॉक्टर म्हणाले, “काय खातील ते खाऊ घाला. अन्न सुटलं की मग आमच्या हातात काही राहणार नाही.”

काकू एकच गोष्ट खायच्या. हादग्याच्या फुलांची भाजी, बेसन पेरून, लसणाच्या फोडणीची. माहेरी त्यांची आई करायची तशी. ती तेवढी जिभेला कळायची. आणि हादगा दारातच होता. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडेला, पांढऱ्या चोचीसारख्या फुलांनी लदलेला.

हादग्याच्या फुलात मधोमध केसर असतं. ते ओढून काढायचं असतं, नाहीतर भाजी कडूजहर होते. सरांची बोटं म्हणजे केळीचा घड. शाळेच्या साऱ्या पोरांचे कान त्या बोटांनी पिळलेले. त्याच बोटांनी ते ओसरीवर चष्मा लावून एकेका फुलाचं केसर काढत बसायचे, जणू कुणाच्या डोळ्यातलं कुसळ काढतायत. आणि आतून रोज ठरलेला हुकूम.

“अहो, केसर काढलं का?”

“काढलं गं.”

मग वाटी आत जायची, आणि दोन घासांत निकाल यायचा.

“एक राहिलंय. मास्तर झाले नि मोजता येईना.”

“मुद्दाम ठेवलं. तुला चव कळती का नाय ते बघाया.”

आतून हसू यायचं. त्या हसण्यावर त्या घराचा आख्खा दिवस चालायचा.

त्याच हंगामात समोरच्या साहेबांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, गाडी घेतली. ती एवढी मोठी की पुढचा दिवा गारखेड्यात आणि मागचा चिकलठाण्यात. बंगल्याच्या पार्किंगमध्ये त्यांनी क्लासला भाड्यानं खोली काढलेली, म्हणून गाडी रस्त्यावर, हादग्याखाली. फुलं टपावर पडायची, उन्हात चिकटायची, डाग धरायचे.

“सर, झाडाचं काहीतरी करा,” साहेब म्हणाले.

“गाडीचं करा की. ती हलती. झाड हलत नाय.”

“झाड तुमच्या हद्दीत नाहीये, सर.”

“माझ्या हद्दीत माझी बायको हाय, साहेब. ती ह्या फुलांवर जगती. एवढा हंगाम जाऊ द्या.”

साहेब बरं म्हणाले. मान डोलावून म्हणाले. मी भिंतीवरून ऐकलंय.

सर काकूंना तपासणीला दवाखान्यात घेऊन गेले त्या दिवशी मी लग्नाला पैठणला होतो. संध्याकाळी परतलो तो गल्लीचं आभाळ एकदम मोठं झालेलं. साहेबांनी मशीनची करवत घेऊन माणूस बोलावला होता. हादग्याचं लाकूड कसलं, मुळ्यासारखं. चहा गार व्हायच्या आत झाड आडवं. आणि झाडाभोवती आख्खी कानटोपी जमात, पिशव्या घेऊन. तोंडानं हळहळत होती, हातानं तोडत होती. “फुलं वाया जायला नकोत ना,” वहिनी मला म्हणाल्या, “देवाला तरी होतील.”

तेवढ्यात रिक्षा आली. सरांनी आधी काकूंना उतरवून घेतलं. काकूंनी बुंध्याकडं पाहिलं आणि सरांच्या खांद्याला धरून आत गेल्या. सर परत बाहेर आले तसे साहेब पुढं आले.

“सर, तुमच्याच भल्यासाठी. हादगा ठिसूळ. वादळात काकूंच्या अंगावर पडला असता.”

सरांचा ओरडा आता सिल्लोडपर्यंत जाणार म्हणून मी कान घट्ट केले. ते हळूच म्हणाले, “वादळ यायचं ते आलंच की, साहेब.”

थोड्या वेळानं वहिनी स्टीलची वाटी झाकून घेऊन आल्या. फुलं खाणं पाप म्हणणाऱ्या वहिनींनी त्याच हादग्याची भाजी करून आणली होती. “काकूंना आवडते ना,” म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. हे मला सर्वांत लागलं. वाईट वागणारी माणसं वाईटच असती तर किती सोपं झालं असतं.

मी तिथंच होतो. वहिनींना केसराचं काय माहीत? सगळं केसर भाजीत तसंच. सरांनी बोटानं चाखलं आणि वाटी बाजूला करायला गेले.

“द्या इकडं,” काकू म्हणाल्या.

त्यांनी घास घेतला. दुसरा घेतला. ज्या बाईला हजार फुलांतलं एक चुकार केसर कळायचं, ती सबंध वाटी खाली मान घालून संपवत होती. सर दारात उभे राहून निकालाची वाट बघत होते.

“चांगली झालीय,” काकू वहिनींना म्हणाल्या.

सरांनी रिकामी वाटी बोटानं पुसून पुन्हा चाखली. कडूजहरच होती.

त्यानंतर सरांनी शहर पालथं घातलं. शहागंजच्या मंडईत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. भाजीवाला म्हणाला, “सर, हादगा अब कौन लाता? गोभी लेके जाव, वो भी फूलच है.” सिल्लोडच्या भाच्यानं एस.टी.नं पिशवी पाठवली, ती पोचेस्तोवर फुलांचा चिखल. शेवग्याची फुलं झाली, भोपळ्याची झाली. काकू प्रत्येक वेळी चांगली झालीय म्हणायच्या आणि दोन घासांवर ताट सारायच्या. थंडी संपता संपता काकू गेल्या.

सर आता पुण्याला मुलाकडं असतात, खूप वरच्या मजल्यावर. फोन केला की बरंय म्हणतात. भिंतीपलीकडं भाडेकरू आहेत. त्यांनी ओसरीला फरशी बसवलीय. सुंदर आहे, पुसायला सोपी.

मला सर आठवतात ते काकूंच्या तेराव्याचे. दारापुढं मंडप टाकला होता, पार रस्त्याच्या कडेपर्यंत. हादग्याच्या जागेवर पंगत बसलेली आणि समोरचे साहेब नेमके तिथंच. त्यांनी वर कापडाकडं पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बरं झालं सर, झाड वेळेवर निघालं. नाहीतर एवढा मंडप बसला असता का इथं?”

पंगतीचे हात थांबले. सरांच्या हातात बुंदीची परात होती.

“व्हय साहेब,” सर म्हणाले, “लई जागा झाली.”

आणि वाकून त्यांच्या पानात बुंदी वाढली.