श्वापदाची खूण आणि जांभळी शाई

शिक्केवाले माणूस भला, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला पोलीसच बोलवावेत. घराच्या पुढल्या खोलीत त्यांचं रबरी शिक्क्यांचं दुकान. रबरावर अक्षरं उलटी कापायची, लाकडी मुठीला चिकटवायची आणि पहिला ठसा स्वतःच्या हातावर मारून बघायचा. स्वारी डावखुरी, त्यामुळे ठसा उजव्या हातावर.

एका रविवारी ख्रिस्ती देवळात पाळकसाहेबांनी बायबलातलं शेवटचं पुस्तक काढलं. सात डोक्यांचं, दहा शिंगांचं श्वापद, आणि त्याच्या माणसांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर त्याची खूण! शिक्केवाल्यांनी हळूच आपल्या हाताकडे पाहिलं. आदल्या दिवशी एका गोदामाचं काम केलं होतं. हातावर ठळक जांभळ्या अक्षरांत छापलं होतं : ‘नाकारला’.

हात खिशात गेला तो घरी येईपर्यंत बाहेर आला नाही.

“आजपासून दुकान बंद,” त्यांनी जाहीर केलं.

“का? पोट बिघडलं?” बायकोने विचारलं.

“श्वापदाची खूण आहे ही. जात नाही.”

“घासत नाही म्हणून जात नाही. आणि दुकान बंद करून खायचं काय? शिंगं?”

शेवटी तडजोड ठरली. दुकान चालू, पण ठसा डाव्या हातावर. म्हणजे शिक्का उजव्या हाताने मारायचा, आणि त्या हाताला तर धड चमचा धरता येत नव्हता. ठसे वाकडे उमटू लागले. शिक्का वाकडा की हात वाकडा, ते कळेना. म्हणून ते चांगले शिक्केही कापून कापून ‘सरळ’ करू लागले. शाळेच्या मुख्याध्यापिका आपला शिक्का परत घेऊन आल्या.

“अहो, आमची शाळा जिन्यावरून पडल्यासारखी दिसतेय!”

त्या संध्याकाळी शिक्केवाल्यांनी दुकानाला लावायला खरोखरच कुलूप बाहेर काढलं. बायकोने ते हातातून हिसकावलं आणि म्हणाली, “चला पाळकसाहेबांकडे. त्यांनी डोक्यात घातलंय, त्यांनीच काढावं.”

पाळकसाहेब हसले नाहीत, पण हसू आवरायला त्यांना कष्ट पडले. “अहो, ही चिन्हं आहेत. खूण म्हणजे शाई नव्हे. माणूस मनाने कुणाचा, एवढाच प्रश्न. आणि थोडी आधीची पानं वाचा की. तिथे देवदूत देवाचा शिक्का घेऊन येतो आणि देवाच्या सेवकांच्या कपाळावर मारतो.”

“देवदूताकडे शिक्का आहे?”

“आहे.”

“मुठीचा?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

शिक्केवाल्यांचा चेहरा उजळला. मनाचं, चिन्हाचं सगळं एका कानाने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडलं. वरही हा धंदा आहे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

वाटेत म्हणाले, “एवढ्या लोकांना मारायचा म्हणजे रबर झिजणार गं. शिवाय कपाळ सपाट नसतं.”

“तुमचं आहे. पार मानेपर्यंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकान उघडलं. बायको चहा घेऊन आली तर हे गोलसर रबर कापत बसलेले, मधूनमधून स्वतःच्या टकलावर ठेवून बघतायत.

“ही कुणाची ऑर्डर?”

“अजून आलेली नाही.”

“मग आधी शाळेचा शिक्का करा. वरच्यांना घाई नाही, बाई दुपारी येणारेत.”

त्यांनी मुकाट्याने शाळा हातात घेतली.