पाचव्या शीलापाशी गेलेला तोल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, शाळामास्तर वैजीनाथ गुरुजी, भाषणाला उभे राहिले की मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचो. मी एस.टी.चा कंडक्टर. जिंतूर-येलदरी गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली तरी माझं डोकं फिरतं. दाजींची गाडी वेळेवर सुटायची, पण पोचायची नाही.

माणूस तसा लाखातला. येलदरीच्या रस्त्यावर आमचं गाव. तिथं बौद्ध समाजाचं एकही लग्न त्यांच्याशिवाय लागत नसे. पंचशील तेच देणार, आणि लग्न लागल्यावर पाचही शीलांवर बोलणारही तेच. ते बोलणं संपल्याशिवाय पंगत बसायची नाही, हा नियमही त्यांचाच. पाचवं शील दारूला न शिवण्याचं. त्यांच्या बोलण्यानं अकरा-बारा घरांतली बाटली बंद झाली होती. एक सुग्रीव तेवढा बधला नव्हता. तो मांडवात दिसला की दाजी माइकवरून नाव घेऊन त्याला बाहेर काढत. 'गुरुजी सांगतात तसे वागतात' एवढीच काय ती दाजींची कमाई होती, आणि तिला ते जिवापाड जपत.

चौऱ्याहत्तर साली त्यांना मधुमेह निघाला. साखर तेव्हा रेशनवर मिळायची, लोक कार्ड घेऊन रांगेत उभे राहायचे, आणि आमच्या दाजींच्या अंगात ती फुकट उतू चालली होती. मी त्यांना जिंतूरला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, माणूस जेवला की रक्तात साखर चढते. मग पोटातलं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. ते पेशींची दारं उघडतं आणि साखर आत जाते. साखर उतरली की इन्सुलिन आवरतं घेतं, आणि त्याच स्वादुपिंडातून दुसरा रस निघतो. तो यकृताला म्हणतो, साठवलेली साखर काढ बाहेर. दिवसभर असा तोल सांभाळला जातो. तुमचं इन्सुलिन आटलंय, म्हणून ते सुईनं द्यायचं."

दाजी एकदम खूश. "म्हणजे शरीरात सुद्धा शिस्त हाय की!"

"शरीरात आहे, सुईत नाही. आतलं इन्सुलिन जेवण बघून सुटतं आणि वेळेवर थांबतं. टोचलेलं थांबत नाही. अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे. नाहीतर साखर पार खाली जाईल, घाम फुटेल, हात थरथरतील, जीभ अडखळेल, भान सुटेल. घाम आणि थरथर ही शरीरानं मारलेली बोंब समजा, आणि लगेच गोड खा."

घरात काचेची सिरिंज आली. इन्सुलिनची बाटली अक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, माठाशेजारी ओल्या वाळूत बारक्या मडक्यात ठेवली. लघवी तपासायचं निळं औषधही आलं. त्यात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी उकळायची. रंग विटकरी झाला की साखर जास्त. अक्कानं ते स्वयंपाकाच्या चुलीवर होऊ दिलं नाही, अंगणात वेगळी चूल मांडून दिली. रोज सकाळी दाजी तिथं बसून काहीतरी उकळायचे, आणि येणारेजाणारे विचारायचे, "गुरुजी, चहा का?"

पुढच्या वैशाखात गावातल्या तात्यारावांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका दाजींनीच लिहिली होती: लग्न दहा वाजता, भोजन साडेअकरा. लग्न दहाला लागलं. अकराला दाजी घरी गेले, सुई टोचून घेतली आणि 'पाच मिनिटं' बोलायला परत आले. पत्रिकेत जेवणाची वेळ छापली होती. भाषणाची छापायची राहून गेली होती.

साडेअकराला ते पहिल्या शीलावर होते, बाराला तिसऱ्या. लग्नासाठी परवान्यावर मिळालेल्या साखरेच्या बुंदीचा वास मांडवभर फिरत होता. साडेबाराला ते पाचव्यावर आले आणि त्यांची जीभच वळेना. "मद्य... मद्य जे हाय ते..." शर्ट घामानं चिंब झाला. माइकचा दांडा धरून ते झुलायला लागले. मग नवरदेवाच्या बापाकडे बोट दाखवून ओरडले, "ए, मागच्या बाकावरच्या! अंगठे धर!"

मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक बाई म्हणाली, "आगं माय, गुरुजी पिऊन आले की!"

"तरीच मघा घरी गेलते," दुसऱ्यानं जोडून दिलं, आणि हसू पसरलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही तसंच वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

तेवढ्यात बाहेर उभा असलेला सुग्रीव आत घुसला. त्यानं दाजींना धरलं, त्यांच्या तोंडाशी नाक नेऊन दोनदा हुंगलं आणि माइकवर म्हणाला, "एक थेंब न्हाई! दारूचं मला इचारा, तुमाला काय कळतंय? प्यालेलं माणूस असं गार पडत न्हाई. गुरुजींला कायतरी व्हायलंय अन् तुमी हसायलात?"

तज्ज्ञाची साक्ष होती ती. मला आता डॉक्टर आठवले. "अक्का, गोड आण!" मी ओरडलो. अक्का आचाऱ्याच्या हातातला झारा हिसकावून बुंदीसकट धावत आली. सुग्रीवनं दाजींना पाठीशी टेकू देऊन बसवलं, अक्कानं चिमूट चिमूट बुंदी भरवली. दहा-पंधरा मिनिटांत दाजी भानावर आले.

"मी काय बोललो?" त्यांनी विचारलं.

"पाचवं शील ऱ्हायलंय, गुरुजी," सुग्रीव म्हणाला. "आधी जेवा."

नियम त्या दिवशीच बदलला. आधी पंगत, मग भाषण. पंगती उठल्या तशी माणसंही उठली, वऱ्हाड ट्रकमध्ये चढलं, आणि दाजी पुन्हा माइकपाशी गेले तेव्हा समोर मी, अक्का आणि पहिल्याच ओळीत मांडी घालून सुग्रीव.

दाजींनी त्याच्याकडे बघितलं आणि हात जोडले. "ज्यानं आज माझं शील राखलं, त्याला मी काय सांगू?" एवढं बोलून त्यांनी माइक बंद केला.

"आसं कसं?" सुग्रीव रागावला. "आज तरी आत बसू देताल म्हणून सकाळपास्नं घोटभर घेतली न्हाई मी!"

दाजींनी डोळे पुसले आणि माइक चालू केला. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं.